जास्तीचा उजेड

देवरीला महामार्गालगत एका कार्यालयाची नवी इमारत उभी राहिली, तेव्हा तिच्या आतील जोडणीचे काम हिमांशूकडे आणि माझ्याकडे आले. यंत्राला यंत्र जोडणाऱ्या पिवळ्या, सुतळीएवढ्या जाड पॅच कॉर्ड. पोटात केसासारखा काचेचा तंतू. एका टोकातून प्रकाश सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला मीटर लावून किती पोहोचला ते पाहायचे. थोडा वाटेत हरवतोच. तो कमीत कमी हरवावा, एवढीच या विद्येची महत्त्वाकांक्षा. आमच्यात एक रीत होती. ज्याने कॉर्ड जोडली, त्याने आपल्या नावाची पट्टी तिच्या दोन्ही टोकांना चिकटवायची. पुढे बिघाड निघाला तर जाब कोणाला विचारायचा, हे स्पष्ट असावे.

काम संपल्यावर कार्यालयाचे साहेब आमचे आकडे पाहणार होते आणि तिथल्या यंत्रखोलीची कायमची नोकरी आम्हा दोघांपैकी एकाला मिळणार होती. दुसऱ्याने पुन्हा कंत्राटावर गावोगाव हिंडायचे. मी हिंडून थकलो होतो. शिवाय वयाने आणि अनुभवाने मोठा होतो. हिमांशूचा चष्मा इतका जाड, की हातातून पडलेला स्क्रू तो फरशी चाचपून शोधी. तरीही त्याचे आकडे माझ्याहून सरस येत. ही गोष्ट माझ्या घशाखाली उतरत नसे.

एके दुपारी त्याच्या एका कॉर्डला मी स्वतः मीटर लावले. आत सोडला होता त्याहून अधिक प्रकाश बाहेर येत होता.

हे अशक्य आहे. काच प्रकाश वाहून नेते, निर्माण करीत नाही. मी टोके पुसली, मीटर बदलले. आकडा ढळला नाही. मग मी प्रकाशाचा उगमच बंद केला.

मीटरवर तरीही थोडा प्रकाश शिल्लक होता.

मी हिमांशूला बोलावून वाद घातला. मीटर, काच, त्याची पद्धत, सर्वांवर आक्षेप घेतले. तो ऐकत राहिला आणि शेवटी हसला.

"मीटरसंग भांडून का भेटन, भाऊ? मी जेवाले जाऊन राहिलो."

दारात मात्र तो थांबला. "त्या कॉर्डले हात नका लावू. साहेबानं पाहिली का मी तिले काढून टाकतो."

"काऊन?"

त्याने चष्मा काढून डोळे चोळले. "मले बी नोकरी पाहिजे ना."

तो बाहेर डबा उघडून बसला, तेवढ्यात मी ती कॉर्ड माझ्या जोडणीत आणली. त्याच्या नावाच्या पट्ट्या सोलून माझ्या चिकटवल्या. पट्टीखालची जागा मिटल्या पापणीसारखी कोमट होती.

साहेबांनी आकडा पाहिला, पुन्हा पाहिला आणि माझा हात हातात घेतला. नोकरी मला मिळाली. हिमांशूने आपली अवजारे पिशवीत भरली.

काही आठवड्यांनी तो कोहमाऱ्याच्या चौकात भेटला. खरे तर त्यानेच मला हाक मारली, रस्त्यापलीकडच्या ढाब्यावरून. त्याच्या नाकावर चष्मा नव्हता. बोलता बोलता दूर पाहून तो म्हणाला, रायपूरची गाडी येऊन राहिली. मला तिकडे धुळीखेरीज काही दिसेना. बस अगदी समोर उभी राहिली, तेव्हा पाटी वाचता आली.

"पट्टी काढून टाका, भाऊ," तो हळूच म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. तेच मला सहन झाले नाही.

यंत्रखोलीत परतून मी त्या कॉर्डच्या पट्टीखाली नख घातले. मीटरवरचा आकडा पूर्वीपेक्षाही वाढला होता. मनात आले, नजर तर त्याने परत मिळवलीच. आता हा आकडाही त्याला द्यायचा? सुटलेली कड मी अंगठ्याने घट्ट दाबून बसवली.

रविवारी अंगणात बसलो होतो. माझी पत्नी नीतू शेजारी धान पसरत होती; पायाने दाणे सारल्याचा आवाज येत होता. मी तिला म्हटले, अंधार पडला, अंगणातला बल्ब लाव.

आवाज थांबला.

"का जी," ती म्हणाली, "उन्हात बसून राहिले ना तुमी."

मी तोंड वर केले. कपाळ भाजत होते.