सईच्या पाठीवरचं करडू

बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची एसटी लागली तेव्हा वृषालीच्या हातात कापडाचं एवढं गठुडं होतं, की मागून बघणाऱ्याला वाटावं गठुड्यालाच पाय फुटलेत. उन्हानं गाडीचा पत्रा तापलेला, खिडकीतून येणारा वारासुद्धा भाजून आलेला. कंडक्टर रामहरी तिकिटं देत देत तिच्याजवळ आला आणि थांबला.

"बाई, लगेजचं तिकीट काढावं लागंल."

"मांडीवर घेतलंय की. कुणाची जागा अडवलीय का?"

"नेम हाय."

"बायकांना अर्धं तिकीट हाय. मी अर्धी झाले, मग ह्या गठुड्याचं काय पाव काढता?"

मागची म्हातारी खुदकन हसली. रामहरीनं गठुड्याकडं बघितलं, मग तिच्याकडं… जरा जास्तच वेळ बघितलं.

"मांडीवरचं पोर पाच वर्षांच्या आतलं दिसतंय," तो म्हणाला. "फुकट हाय."

वृषाली खिडकीकडं तोंड करून हसली. बऱ्याच दिवसांनी.

इंदापूरच्या स्टँडमागं तिचं शिलाईचं दुकान. ब्लाउज, फॉल, पिको. नवऱ्यानं सोडली म्हणायचे लोक. खरं तर तिनंच त्याला सोडला होता, पण गल्लीला दुसरंच ऐकायची हौस. आठवड्याभरात रामहरी दुकानाच्या पायरीशी उभा.

"पोरीला बॅग शिवून पायजे. करडाची."

"करडाच्या कातड्याची?"

"न्हाय वो… करडासारखी. कान, शेपूट, समदं. पाठीला अडकवायची."

त्याची सई चार वर्षांची. आई काविळीनं गेली तेव्हापासून आजोळी, निरवांगीला. तिथं काळ्या कानांचं एक करडू होतं, ते घेतल्याशिवाय बालवाडीत पाऊल टाकणार नाही म्हणून हटून बसलेली. बाजारात अस्वलं होती, ससे होते. करडू कोण विकतं?

"पट्टे केवढे ठेवू? उंची सांगा पोरीची."

रामहरीनं कमरेशी हात धरला. मग जरा खाली नेला. मग परत वर.

"मागल्या सुट्टीला… हितवर असंल."

"असंल?"

"वाढतीय ती. मी असतो कुठं बघायला."

वृषालीनं पट्टे लांबच कापले आणि जादा कापड आत दुमडून शिवलं. पोर वाढली की उसवून सोडता येईल.

गाडी सुटेपर्यंत तो पायरीवर बसायचा. एकदा उपाशी दिसला म्हणून तिनं आपला डबा दिला, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो आत दोन कैऱ्या घेऊन.

"भरून आलेला डबा मोकळा परत करू ने," तो म्हणाला. "आई म्हणायची."

मग ते सुरूच झालं. डबा जायचा भाकरी घेऊन, यायचा कधी चिंचा घेऊन, कधी डाळिंब.

"डोळे कसले लावताय करडाला?"

"बटणं हायती. काळी."

"तुमच्यासारखे लावा. भांडखोर."

"पोर भिईल."

"मी कुठं भ्यालो?"

दोन दिवसांचं काम ते. पण कान वाकडा झाला म्हणून तिनं उसवला, शेपूट लांब झालं म्हणून उसवलं. वाकडं-लांब काही झालं नव्हतं. बॅग संपली की तो यायचा थांबेल, एवढीच त्यातली मेख.

एका दुपारी तो म्हणाला, "बॅग झाली की सईला घिऊन येतो. मग आपण तिघं…"

तेवढ्यात ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ते अर्धं वाक्य तिच्यापाशी ठेवून तो पळाला, आणि ती बाई त्या अर्ध्या वाक्यात संसार मांडून बसली.

मग एक दिवस डबा मोकळा आला. घासून, पुसून, स्वच्छ.

तिनं झाकण उघडलं, लावलं. "काय झालं?"

"निरवांगीत बैठक बसली," रामहरी पायरीकडं बघत म्हणाला. "मेव्हणीशी लगीन कर म्हणत्यात. वैदेहीशी. न्हायतर पोर हितंच ऱ्हाईल, तू फकस्त बघायला येत जा."

"आणि सई?"

"इचारलं तिला, माझ्याकडं येती का. म्हणली, वैदूमावशी आली तर."

मशीनचं चाक तिच्या हाताखाली तसंच थांबलं.

"बॅग झाली असती तर आधीच आणली असती तिला तुमच्याकडं," तो हळू बोलला. "तुमी लांबवत गेला… मला वाटलं, तुमाला नको असंल. तोंडावर न्हाय म्हणवत न्हाय, म्हणून लांबवताय."

खरं सांगून तरी काय होणार होतं? पोरीनं आपली आई निवडली होती.

उसवलेल्या कानाला तिनं त्याच्यासमोर टीप मारली. बॅगेत मूठभर फुटाणे टाकले.

"घ्या. नवी पिशवी मोकळी देऊ ने."

तो बॅग छातीशी धरून गेला.

पंधरवड्यानं दुकानात रामहरीची सासू विमल आली, मागं वैदेही, आणि पाठीवर करडू अडकवलेली सई. कान डुलत होते. पट्टे बरोबर बसले होते.

"एवढी झ्याक बॅग शिवलीसा," विमल म्हणाली, "म्हणलं नवरीचं ब्लाउज दुसऱ्या कुणाकडं टाकायचं न्हाय."

वृषालीनं टेप घेतला. वैदेहीचा खांदा मोजला, दंड मोजला. पोरगी साधी होती. राग येण्यासारखं तिच्यात काही सापडेना, तेच जास्त लागलं.

सईनं बॅग काढून वृषालीच्या गुडघ्याशी आणून ठेवली. "बाबा म्हणलं, शिवणाऱ्या मावशीकडं मोकळी न्यायची न्हाय."

आत एक डाळिंब होतं.

वृषालीनं ते दोन्ही हातांनी घेतलं. विमल ब्लाउजचं अस्तर निवडत होती. फुटाण्यांची बरणी टेबलाच्या खणात होती. तिनं खण उघडला, बरणीवर हात ठेवला… आणि खण लावून टाकला.

मग बॅगेची चेन ओढली, सईच्या पाठीवर पट्टे चढवले, करडाचा कान सरळ केला. आणि बॅग मोकळीच परत पाठवली.