वरचे आठ मणी

अथर्वशीर्षाची अकरा आवर्तनं आणि तीन माळा जप, एवढं माझं सकाळी साडेदहापर्यंत आटोपतं. मग चहा. त्या वेळी उत्तरेश्वर पेठेतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ऊन खिडकीच्या कट्ट्यापर्यंत आलेलं असतं आणि खाली गल्लीत म्हशी धुतलेलं पाणी वाहत असतं. एकतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. मोजण्यात माझी चूक सहसा होत नाही, हे आधी सांगून ठेवते.

एप्रिलच्या सुरुवातीला माझ्या मुलीची, प्रियदर्शनीची, बदली बँकेच्या जयसिंगपूर शाखेत झाली. सकाळी सातची एसटी, घरी यायला रात्रीचे आठ. तिची खरी अडचण मात्र वेगळीच होती. टीव्हीला जोडून ती एक खेळ खेळायची. त्यात राक्षस, किल्ले, जादूगार, आणि शत्रूवर मारायच्या तीन विद्या: आग, बर्फ आणि वीज. अग्निविद्या पूर्ण यायला एकवीसशे वार लागत होते. रोज किमान शंभर, तेही सकाळी अकरा ते बारा या वेळातच. एक दिवस चुकला की पहिल्यापासून सुरुवात.

"आई, तूच कर की माझ्याऐवजी," ती म्हणाली. "एवढ्या माळा ओढतीस, ही एक माझी."

"मला कुठलं जमतंय ते?"

"जमतंय गं. हे गोल बटण दाबायचं. सहा वार झाले की ही निळी पट्टी संपती. मग थांबायचं, भरू द्यायची, परत दाबायचं. भिंतीवर मारून विद्या वाढत न्हाय, जित्या माणसावरच मारावं लागतंय. म्हणून हिच्यावर मारायचं."

पडद्यावर एक ओसाड अंगण होतं. मध्ये एक बाई पाठमोरी बसलेली. पाठीवर लांब वेणी.

"ही कोण?"

"कोण न्हाय. सरावासाठी ठेवलीया. मरत न्हाय ती, भाजली की परत बरी हुती. मेली तर विद्या वाढायची थांबंल की!" ती हसली. "आणि शेवटी पळीभर पाणी सोड माझ्या नावानं. चल, मी जातो." कोल्हापूरच्या पोरींचं बोलणं असंच, पुरुषी.

ती थट्टेत म्हणाली. मला मात्र सवयच आहे. मोजून करायची कुठलीही गोष्ट मी संकल्पाशिवाय सुरू करत नाही आणि शेवटी ताम्हनात पाणी सोडून फळ कुणाच्या तरी नावे केल्याशिवाय उठत नाही. त्यामुळे त्या दिवशीही सोडलं. आणि शंभरावर थांबले नाही, एकशे आठ केले. शंभर मोजायचे आणि वरचे आठ चुकून राहिलेल्यांचे, असं सासूबाईंनी शिकवलं होतं.

चौथ्या दिवशी प्रियदर्शनीच्या पाठीवर घामोळं आलं. उन्हाळाच होता.

नवव्या दिवशी त्याचे फोड झाले. तिने वेणी पुढं घेतली, पाठीवर केसही सोसवेनात. डॉक्टरांनी पाहिल्या पाहिल्या सांगितलं, नागीण आहे, गोळ्या घ्या, पंधरा दिवसांत जाईल. खालच्या मजल्यावरच्या बयाबाई फोडांवर लावायला गेरू घेऊन आल्या. त्या जाताना जिन्यात थांबल्या.

"बाई, तेवढं टोकाला टोक जुळू देऊ नका. नागिणीचं तोंड शेपटाला मिळालं की माणूस ऱ्हात न्हाय."

"तसं काही नसतं हो," मी म्हटलं. शाळेत मीच मुलांना हे सांगत आले होते.

दहाव्या दिवशी पडद्यावरच्या त्या बाईची वेणी पाठीवर नव्हती. पुढं घेतलेली असावी. खेळात होत असेल तसं, म्हणून मी बटण दाबलं.

सतराव्या दिवशी फोड पाठीच्या कण्यावरून पलीकडे गेले. डॉक्टरांनी चष्मा काढून पुन्हा लावला. "नागीण मधली रेघ ओलांडत नाही सहसा," ते म्हणाले, आणि मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली.

"दुखतंय कधी जास्त?" त्यांनी विचारलं.

"अकराला," प्रियदर्शनी म्हणाली. "अकरा वाजले की कोण तरी चटके दिल्यागत."

एकोणिसाव्या दिवशी तिने रजा टाकली आणि आतल्या खोलीत पालथी झोपली. अकरा वाजता मी आवाज बंद करून टीव्हीसमोर बसले. पहिला वार केला.

आतून "आई गं" आलं.

सहा वार झाले, सहा वेळा आलं. निळी पट्टी भरेपर्यंत आत शांत होतं. सातवा वार केला.

"आई गं."

मी गणिताची बाई. पडताळा घेतल्याशिवाय मानणार कशी? मुद्दाम पाच मिनिटं थांबले. गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. आत काहीच नाही. मग दाबलं. तसा पडताळा मी तीनदा घेतला. ते तीन वार मला विसरता येत नाहीत.

तिथंच उठायला हवं होतं. पण अर्धा सोडलेला नेम ज्याच्या नावानं त्यालाच बाधतो, हे लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून उरलेले पूर्ण केले. पूर्ण एकशे आठ. आत पोरगी उशी तोंडात धरून होती. आणि सवयीनं मी पाणीही सोडलं.

पडद्यावर आकडा होता: ४८ बाकी. अजून दोन दिवस आहेत असं मी धरून चालले होते. वरचे आठ हिशेबात धरलेच नव्हते मी.

मी तिच्या अंगाभोवती पाहिलं. समोर, बरगड्यांच्या खाली, फोडांच्या दोन टोकांमध्ये तीन बोटांचं अंतर होतं.

टीव्हीची पिन काढली. कंट्रोलर धान्याच्या डब्यात, तांदळाखाली पुरला. विसाव्या दिवशी अकराला मी तिच्याजवळ जप करत बसले. ती दचकली. मी मोजलं. आठ वेळा दचकली, मग झोपली.

पिन लावून पाहिलं. ४० बाकी.

एक दिवस चुकला होता. आकडा पहिल्यापासून सुरू व्हायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी आठ. ३२. मग २४. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, औषध बदलून बघू. मी ताम्हन घेऊन बसले, माझ्या नावानं पाणी सोडलं, मिळालेलं सगळं मला लागो म्हटलं. तरी १६ बाकी. मग ८. सोडलेलं पाणी पळीत परत येत नाही.

पंचविसाव्या दिवशी मी देवाचं नाव घेतलं नाही. नुसती तिच्याजवळ बसले. फोडांच्या दोन टोकांमध्ये एक बोटभर जागा होती. घड्याळात अकरा वाजले.

ती दचकली. एक.

"आई, मोजू नगंस," ती डोळे मिटून म्हणाली.

"मी गप्प आहे गं."

दोन. तीन.

"मग बोटं कशाची वाजतायत?"

मी खाली पाहिलं. माळ देव्हाऱ्यात होती. मांडीवरच्या माझ्या उजव्या हाताचा अंगठा मधल्या बोटाच्या पेरावर फिरत होता. एकेक मणी ओढावा तसा.

चार. पाच. सहा.

मला तो थांबवता येईना.

सात.

डाव्या हातानं मी तो धरला आणि उजव्याच मुठीत कोंबला. मुठीत तो हलत राहिला. प्रियदर्शनी दचकली नाही.

फोड आठवड्यात वाळले. बरगडीखाली एका मण्याएवढी कातडी तेवढी कोरी राहिली. ती कामावर जायला लागली. परवा रविवारी तिने टीव्ही लावला आणि ओरडली, "आई, एकच राहिलाय की! आणि ही बया मान वळवून काय बघतीया? कंट्रोलर कुठाय? मी मारतो शेवटचा!"

"मोडला," मी म्हटलं. तो मी पंचगंगेत सोडून आले आहे.

"आणि हाताला काय झालंय तुझ्या?"

"लचकलाय."

उजवी मूठ मी साडीच्या काठानं बांधली आहे. बावीस दिवस उघडलेली नाही. पूजा बंद आहे, डाव्या हातानं देवाला फूल वाहवत नाही. रोज अकराला मुठीत एकदा टोचतं, एवढंच.

हेही डाव्या हातानं लिहिते आहे, अक्षराला हसू नये. आज सकाळपासून मात्र पेन नीट धरवत नाही. याही हाताचा अंगठा सारखा मधल्या बोटाच्या पेरावर जातो, आणि मी तो परत पेनावर आणून ठेवते.