भावकी नसल्याचा पुरावा

नमिताच्या टेबलासमोर तेजस पाटील पहिल्यांदा आला तो चुकून. त्याला जायचं होतं शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात. पण कोपरखैरण्यातल्या त्या अर्ज-दाखल्यांच्या केंद्रात टेबलामागची मुलगी एका गृहस्थांना शांतपणे सांगत होती, "काका, फोटो तुमचा हवा, गणपतीचा नाही." तेजस तिथेच थबकला.

"बोला," ती म्हणाली.

"आडनाव बदलायचंय."

ही काही थाप नव्हती. घणसोलीच्या त्याच्या आजोबांनी, गोटीरामआबांनी, ब्याऐंशीव्या वर्षी हट्टच धरला होता. घराण्यात कधीकाळी गावची पाटीलकी आली आणि मास्तरांनी शाळेत सगळ्या पोरांना पाटील करून टाकलं. त्याआधी आपण कोण होतो, ते आबांना डोळे मिटायच्या आत कागदावर बघायचं होतं आणि तेच नाव नातवाला लावायचं होतं.

"नवं आडनाव काय?" नमिताने विचारलं.

"माहीत नाही. जुनं आहे ना ते."

ती हसली, आणि तेजसचं झेरॉक्स राहूनच गेलं.

मग तो दर शनिवारी येऊ लागला. रेशनकार्ड आणलं, त्यावर 'पतील' होतं. मतदारयादी आणली, तिथे 'पाटिल्ल'. लाईट बिलावर तर घराणं थेट गुजरातला पोचलं होतं – 'पटेल'. लागणाऱ्या कागदांची छापील यादी नमिता इतरांना पहिल्याच दिवशी देत असे. तेजसला मात्र ती दर वेळी एकच कागद सांगायची.

"हे आधी नाही सांगितलंत?"

"विसरले..."

"मग पुढच्या शनिवारीही विसरा."

सहाव्या शनिवारी त्याने जमिनीच्या जुन्या नोंदीची नक्कल आणली. नमिताने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि तिचा चेहरा पार उतरला.

"तेजसदादा, इथे सही करा."

"दादा? हे मध्येच कुठून आलं?"

"तुमचं मूळ आडनाव म्हात्रे आहे," ती खाली बघत म्हणाली. "आणि मी... नमिता दिनानाथ म्हात्रे."

एक आडनाव म्हणजे एक भावकी, आणि भावकीतला मुलगा म्हणजे भाऊ, हे दोघांनाही लहानपणापासून पाठ होतं. सहा शनिवार खपून नमिताने स्वतःच्या हाताने भाऊ शोधून काढला होता. त्या संध्याकाळी ती खूप रडली. आईने विचारलं तेव्हा तिने कांद्याचं कारण सांगितलं, आणि घरात कांदा चिरलेलाच नव्हता.

पुढच्या शनिवारी आबा स्वतः सहीला आले. तेजस मागे उभा होता, तोंड पाडून.

"कोनाची गो तू?" आबांनी विचारलं.

"इथल्याच दिनानाथ म्हात्र्यांची. म्हणजे... आपण भावकीच, आबा."

"भावकी? तुमी आमचा सुतक पालता?"

भावकीत कुणी गेलं की दहा दिवस सुतक. त्यात ना मासळी, ना कार्य. नमिताने हळूच विचारलं, "तुमच्या घरी शेवटचं कोण गेलं?"

"आजी. गेल्या साली, चौदा फेब्रुवारीला," तेजस म्हणाला.

"सोळाला माझ्या भावाची हळद होती!"

तिने लगबगीने मोबाईल काढला. व्हिडिओवर तारीख होती, बेंजो वाजत होता, आणि पिवळीजर्द नमिता मन लावून नाचत होती. आबांनी चष्मा पुसून पूर्ण चार मिनिटं तो व्हिडिओ पाहिला.

"माजी गोजरा गेली न तुमी नाचत होता?"

"हो, आबा... आम्हाला माहीतच नव्हतं."

"मंग कसली भावकी?" आबा खूश झाले. "गावोगाव येक कारभारी असायचा, त्याला म्हात्रे बोलायचे. गाव तितके म्हात्रे. सगले काय एका घरचे नाय." मग नातवाकडे एकदा बघून ते उठले. "मी च्या पिऊन येतो. तुमी अर्ज भरा."

आबा गेले. दोघंही उगाच कागद सारखे करत बसले.

"नमिता," तेजस म्हणाला. नुसतं नाव त्याने आज पहिल्यांदा घेतलं. "दादा म्हणालीस तेव्हापासून मला जेवण जात नव्हतं. मला तू आवडतेस... ती शेवटची नक्कल मी दोन आठवडे बॅगेतच फिरवत होतो."

"माहितीये. कोपरा दिसत होता."

तो कानापर्यंत लाल झाला. मग धीर करून म्हणाला, "आपलं लग्न झालं... तर तुला आडनाव बदलावं लागणार नाही."

"मी तसंही बदलणार नव्हते," नमिता म्हणाली. "बदलतोयस तो तू."

तिने अर्ज त्याच्यापुढे सरकवला आणि नव्या आडनावाच्या रकान्यावर बोट ठेवलं. पेन घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, आणि दोघांनीही घाई केली नाही.

"अक्षर नीट काढ हं," ती म्हणाली. "आपलं आडनाव आहे."