गुहेतला दुसरा फ्लॅश

ज्यांना ही थाप वाटेल त्यांनी खुशाल हसावं. ही माझ्या सख्ख्या बहिणीची गोष्ट आहे. तिच्या तोंडून मी ती इतक्यांदा ऐकली आहे की पदरचा एक शब्दही घालायची गरज नाही.

उन्हाळ्यातला रविवार होता. भर दुपार.

पण ताई होती तिथे दुपार नव्हती. डोंगराच्या पोटातली गुहा. दोराने उतरून जावं लागतं असं दालन. डोळ्यांसमोर धरलेला हातही दिसत नव्हता.

ताईचं सगळं आयुष्य असंच गेलं. कड्याला लोंबकळून गिर्यारोहकांचे फोटो काढ, बर्फात तंबू ठोकून पहाटेची वाट बघ, फेसाळत्या नदीत होडीला स्वतःला बांधून घे. खांदा निखळला, गुडघ्यात खिळे बसले. आता मासिकाच्या संपादकाला तिच्याऐवजी तरुण पोरं हवी होती.

"या गुहेचा मुखपृष्ठावर शोभेल असा फोटो आणा. नाहीतर आपण थांबू," असं त्याने तोंडावर सांगितलं होतं.

नेमका तिचा मदतनीस तापाने फणफणलेला. नवरा परगावी. म्हणून धाकटा दीर आला. आला कसला... सासूबाईंनी पिटाळला.

"वहिनी, लग्नातले फोटो काढले असते तर आज पंख्याखाली बसला असता. मलाही घरी बसू दिलं असतं."

"तोंड आवर आणि दाखवलं तिथे उभा राहा. मागे खड्डा आहे. दगड टाकला तर आवाजही येत नाही. पाय हलवायचा नाही."

"हलवतोय कशाला! माझा जीव एवढा स्वस्त झालेला नाही."

काम साधं होतं. दोघांनी कपाळावरचे दिवे विझवायचे. ताई कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवणार. ती "मार" म्हणाली की दालनाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या दिराने हातातला फ्लॅश पाठीमागे धरून एकदा मारायचा. त्या क्षणात उजळेल तेवढंच फोटोत.

दिवे विझले. शटर उघडलं.

"मार!"

लख्ख उजेड. छतातून लोंबणारे दगड, मधोमध दिराची काळी आकृती. फोटो जमला, हे ताईला तिथेच कळलं.

ती शटर बंद करणार... तोच पुन्हा फ्लॅश उडाला.

"एकदाच म्हटलं होतं ना! वाट लावलीस सगळ्याची!"

"मी नाही मारला."

"मग काय दगडांनी मारला?"

"देवाशपथ, वहिनी. समोरून आला. डोळ्यांत गेला माझ्या."

समोर म्हणजे त्या दोघांच्या मधे. तिथे नुसती ओली जमीन होती.

ताईने कान दिला. मघापासून कुठेतरी पाणी टपकत होतं...

आता टपकत नव्हतं.

तिसरा फ्लॅश. या वेळी दिराचा चेहरा दिसला. पांढराफटक. हात डोळ्यांवर.

"बंद करा ना ते! मला काही दिसत नाहीये!"

ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. उजेडाने नाही...

त्याच्या आवाजाने. आवाज लांबून आला होता.

पुन्हा फ्लॅश. पुन्हा त्याची किंकाळी. आणखी लांबून.

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. दर उजेडाला तो नकळत एक पाऊल मागे सरत होता. आणि उजेड त्याच्याकडे सरकत होता. गुरं हाकावीत तसं कुणीतरी त्याला हाकत होतं.

खड्ड्याकडे.

"खाली बस! डोळे मीट आणि आहेस तिथे बस!"

सवयीने शटर बंद करून तिने दिवा चाचपला. लावला.

दीर बसला होता. टाचा खड्ड्याच्या काठावर. फ्लॅश छातीशी घट्ट धरलेला.

दंड धरून तिने त्याला ओढत आणलं. दोघं दोरावरून वर आली, उन्हात. तो धडधाकट होता. ताईला रडू फुटलं. सुटलो, असं तिला वाटलं.

फोटो तिने घरी येऊन पाहिला. शटर उघडंच राहिल्याने सगळे फ्लॅश एकाच फोटोत उतरले होते. दीर त्यात पुन्हा पुन्हा दिसत होता. आधी नुसती आकृती. मग चेहरा. मग मागे. आणखी मागे...

शेवटचा दीर खड्ड्यावर होता. उभा. पायांखाली काहीच नव्हतं.

ताईने फोटो पुसून टाकला. मासिकाचं काम गेलं ते गेलंच. तिने कॅमेरा पुन्हा हातात धरला नाही.

दीर मात्र मजेत आहे. टोमणे बंद. "वहिनी, माझा फोटो दाखवा ना," एवढंच रोज म्हणायचा. शेवटी वैतागून तिने खरं सांगितलं.

तो हसला.

"हरकत नाही. परत काढू."

तिने साफ नकार दिला. मग त्याने स्वतःच कॅमेरा घेतला.

काल त्याने मला फोन केला.

"दादा, काम काहीच नाही. मी सांगेन तिथे नुसतं उभं राहायचं."

मी वेळ नाही म्हणून सांगितलं. "असू दे," तो म्हणाला. "मला कुठे घाई आहे?"

हे लिहितोय तेव्हा त्याची गाडी आमच्या दारात उभी आहे.