दिवेलागणीचा लोड

शहराच्या कडेला, सातारा परिसरात बंगला बांधून झाला, तेव्हा सुदर्शनने गेटचं काम बाहेर दिलं नाही. वाळूजच्या एका कारखान्यात तो विद्युत विभागाचा प्रमुख होता. काखेत कळसा असताना गावाला वळसा कोण घालेल? गेट रुळावरून सरकणारं, लोखंडी, पत्र्याने मढवलेलं. त्याने त्याचं वजन काढलं, चाकांचं घर्षण धरलं, मोटर किती करंट ओढेल ते काढलं आणि त्या मापाचा ट्रान्सफॉर्मर बसवला. पाहुण्यांना तो चहाच्या आधी हेच पाजायचा. ट्रान्सफॉर्मर स्वतः काही करत नाही, मोटर मागेल तेवढं पुरवतो. पेलण्यापलीकडचं मागितलं की तापतो. मध्ये माणूस आला की मोटर जोर लावते, करंट चढतो, त्यावरून यंत्राला अडथळा कळतो आणि गेट आपोआप मागे जातं. सगळं खरं होतं. इतकं खरं, की ऐकणाऱ्याला झोप यायची.

गेट आपोआप लागणारं हवं होतं ते वडिलांसाठी. पुंजाराम आबांना त्याने गावाहून, पिशोरहून आणलं ते आई, साळूबाई, गेल्यावर. खरं तर दोघांनाही आणायचं ठरलेलं होतं. कंपाउंड होऊ दे, गेट बसू दे, मग न्यायला येतो, असं तो आईला फोनवर सांगायचा आणि ती व्हय म्हणायची. दिवेलागणीला दार लोटायचं नाही, घरचं माणूस घरात येईपर्यंत दारात उभं राहायचं, ही तिची जन्माची रीत. शेवटी शेवटी ती फाट्याकडे बघत उभी असायची, असं शेजारणी सांगत. गेट बसायच्या आधीच ती गेली. नवऱ्याच्या आधी गेली म्हणून बायकांनी तिला हिरवा चुडा भरला आणि भाग्याची म्हटलं. ते ऐकून सुदर्शनला बरं वाटलं होतं. असल्या भाग्यावर पोरांचं फार भागतं.

शहरात आल्यापासून संध्याकाळ झाली की आबा घराबाहेर पडत. एकदा ते बीड बायपासवर, ट्रकांच्या गर्दीत, जिथून गावाकडची, कन्नडची गाडी कधी जात नाही तिथं, कन्नडच्या गाडीला हात करताना सापडले. त्यानंतर गेटला मोटर लागली. रिमोट सुदर्शनकडे आणि त्याच्या बायकोकडे, मोनालीकडे. आबांकडे नाही.

पहिल्याच आठवड्यात बिनसलं. दिवसभर गेट अलगद सरकायचं. दिवेलागणीला मात्र लागता लागता अडायचं आणि माणूस मावेल एवढी फट राहिली की तिथूनच मागे जायचं. ट्रान्सफॉर्मरच्या डब्याला हात लावावा तर चटका बसायचा. सुदर्शनने रूळ झाडला, चाकांना वंगण दिलं. मग त्याला वाटलं, या वेळेला सगळ्या कॉलनीच्या पाण्याच्या मोटारी चालू होतात, व्होल्टेज पडत असणार. मोजलं, तर ते पुरेपूर होतं. वारा म्हणावा, तर शेजारच्या लिंबाचं पान हलत नव्हतं. शेवटी त्याने वायरीला मीटरचा चिमटा लावून करंट पाहिला. फटीपाशी येताच आकडा दुपटीवर चढत होता. बाहेरून कुणी गेट धरून ठेवलं तर चढेल, तसा.

आबा पोर्चमधल्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होते.

"दिवेलागणीला दार लावू नाय," ते म्हणाले. "तुही माय उभी हाय भायेर. तिला आत घे."

सुदर्शनने मीटरचा चिमटा काढून घेतला. म्हाताऱ्यांच्या डोक्याचं असंच होतं, असं तो आत जाऊन मोनालीला म्हणाला. पण दुसऱ्याच संध्याकाळी त्याच फटीतून आबा बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने हाताला धरून त्यांना परत आणलं, तेव्हा मात्र सुदर्शनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रविवारी त्याने मोठा ट्रान्सफॉर्मर बसवला, मोटरचा जोर शेवटच्या खुणेपर्यंत नेला आणि अडथळा आला की मागे जायची सोय बंद करून टाकली. मोनाली नको म्हणत होती. त्यांची मुलगी, संस्कृती, त्याच गेटातून सायकलवर ये-जा करायची.

"अहो, मध्ये कुणी आलं तर?"

"कुणी येत नाही," तो म्हणाला.

संध्याकाळी गेट सरकत आलं आणि फटीपाशी अडलं.

मोटर गुरगुरली. पोर्चमधला दिवा मंद झाला. या वेळी गेट मागे गेलं नाही.

आबा खुर्चीतून उठले. "थांबव रं. हात हाय तिचा मधी."

रिमोट सुदर्शनच्या हातातच होता. त्याने बटण दाबलं नाही.

गेट एकदम लागलं.

सकाळी रुळात हिरव्या काचेचे तुकडे दिसले. मोनालीच्या हातात सोन्याच्या बांगड्या होत्या, संस्कृतीच्या हातात घड्याळ. बांधकामाचा कचरा असेल, असं म्हणून सुदर्शनने ते झाडून टाकले.

त्यानंतर गेट बिनबोभाट लागू लागलं. आबांनी बाहेर जायचं सोडलं, मग जेवायचं सोडलं. मोनालीला राहवेना. तिने त्यांना विचारलं, पिशोरला जाऊन येऊ या का?

"आता कशाला?" आबा म्हणाले. "दारात कोन हाय?"

थंडी पडू लागली तेव्हा ते गेले. वय झालं होतं, असं सुदर्शन सगळ्यांना सांगत राहिला. तेरावं त्याने अगदी यथासांग केलं. जिवंतपणी जे जमत नाही ते तेराव्याला बरोबर जमतं.

पुन्हा कामावर रुजू झाला त्या दिवशी तो दिवेलागणीला घरी आला. गाडी रस्त्यावर उभी करून त्याने रिमोट दाबला. मोटर गुरगुरली, पण गेट हललं नाही. मोठा ट्रान्सफॉर्मर, पूर्ण जोर, आणि गेट जागचं हलेना. मोटरमधून जळक्या वार्निशचा वास आला. त्याने मोनालीला हाक मारली. तिने आतून किल्ली फिरवून गेट मोटरपासून सोडवलं. आता ते हाताने सरकायला हवं होतं. तिने ओढलं, संस्कृतीने ओढलं. मग अंधार पडला, आणि गेट बोटाने सरकलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. त्या वेळेला मोनाली आली तर गेट उघडायचं. संस्कृतीची सायकल तर न थांबता आत जायची. अडायचं ते फक्त त्याच्यासाठी.

त्याने मोटर बदलली, मग काढूनच टाकली. फरक पडला नाही. आता तो रोज गेटबाहेर उभा राहतो. शेजाऱ्यांना वाटतं, फोनवर बोलतोय.

परवा त्याने पत्र्याच्या वरून डोकावून पाहिलं. मोनालीने दिवा लावला होता. घराचं दार सताड उघडं होतं. अंगणात कुणीच नव्हतं.

त्याने गेटवर हात टेकला. पत्रा गार होता. छातीच्या उंचीवर मात्र चार जागी कोमट होता, आतून दोघांनी तळवे टेकल्यासारखा. त्याने एकेक जागा चाचपून पाहिली. तीन जागी त्याला बोटं वेगवेगळी कळली. चौथ्या जागी ती चेपून एक झाली होती.