होळीची राखण

तो धुक्यातून आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, आणि आमच्या होळीच्या राखणीला मी एकटीच होते.

ती पेटायची उद्या, रविवारी संध्याकाळी. पण खालच्या खोऱ्यातली पोरं आदल्याच दिवशी येतात, लाकडांची रास, टोकावर हिवाळा म्हणून बसवलेल्या गवती चेटकिणीसकट, पेटवून पसार होतात, आणि वर्षभर आमचं हसं होतं. म्हणून कुणीही आलं, की आधी त्याला बोलतं करायचं. आमची डोंगरी बोली खालच्यांना सात जन्मांत जमायची नाही.

"थांब! बोल काहीतरी."

"काय बोलू? नाक लाल झालंय तुझं. मफलर देऊ?"

अस्सल आमची बोली! तीही जुन्या वळणाची. मी खुशाल त्याला राशीजवळ बसवलं, कॉफी ओतली.

"नाव काय रे?"

"माइनराड. तुझं?"

"रेगुला. तुला कधी पाहिलं नाही गावात."

"मी तुला पाहिलं असतं, तर... विसरलो नसतो."

"चल, आगाऊ!" म्हणताना मी चक्क लाजले. कप देताना बोटांना बोटं लागली, तो दचकला — आणि त्याच्या कोटातून एक बाटली गवतावर पडली. रॉकेलची.

मी ताडकन उठले.

"तू... खालचा?"

"पैज लागलीय. मला ही बोली येते, म्हणून मलाच पाठवलं."

"पण येते कशी?"

"आई इथली. लग्न होऊन खाली आली. घरात आम्ही दोघंच असं बोलायचो. ती जाऊन दोन वर्षं झाली... तेव्हापासून असं कुणी बोललंच नाही गं माझ्याशी. तू 'थांब' म्हणालीस, आणि मी कशाला आलो तेच विसरलो."

मी ओरडले असते, तर सगळा गाव धावून आला असता. पण मी ओरडले नाही. एवढा मोठा दगा, आणि मला त्याचे ओले डोळे दिसत होते!

"बाटली दे इकडे. काडेपेटीही."

त्यानं दोन्ही दिली.

"उद्या सहाला ये. होळी पेटवायची मशाल माझ्या बाबांकडे असते. त्यांना सगळं खरं सांग. आईचं नावही."

"हाकलून दिलं तर?"

"तर... मीही येईन तुझ्याबरोबर खाली." माझेच शब्द ऐकून मी हादरले.

तो आला. सगळ्या गावासमोर बोलला. बाबांनी मशाल उंच धरून त्याचा चेहरा न्याहाळला.

"आनाचा मुलगा? अरे, शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही!"

आणि त्यांनी मशाल त्याच्या हातात दिली. माइनराडनं वळून मला विचारलं,

"रेगुला, आता पेटवू?"

"आता पेटव."