कुलूपचा हातमोजा

"अहो, हात लावू नका त्याला!"

मी इतकी दचकले की मांडीवरच्या जुन्या शर्टाऐवजी सुई बोटात घुसली. दारात एक उंच मुलगा भिजून उभा होता. छत्री होती त्याच्याजवळ, पण ती त्यानं स्वतःवर न धरता बगलेतल्या पेटीवर धरली होती.

"मग रफू कशानं करू? फुंकर मारून?" मी बोट चोखत विचारलं.

"रफू… तुम्ही करता होय? मला वाटलं, कोणीतरी सहज—"

"सहज म्हणून सुई घेऊन कोणी फिरत नाही."

तो असा काही ओशाळला, की माझा राग तिथेच विरघळला.

आमच्या फुटबॉल क्लबचं छोटंसं संग्रहालय व्हायचं होतं. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या खोलीत जुने शर्ट, बूट, चेंडू यांचा ढीग लागला होता. फाटलेलं सांधायचं काम माझं, आणि त्यावरच्या सह्या खऱ्या की खोट्या हे ओळखायचं काम त्याचं. मी त्याला भिंगवाले म्हणायला लागले, तो मला सुईबाई. हळूहळू दोन टेबलांचं एक टेबल झालं, आणि 'अहो'चं 'अगं' कधी झालं ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

"ये, बघ," म्हणत तो भिंग माझ्या डोळ्यांपुढे धरायचा. त्याचा गाल इतका जवळ यायचा, की मला सही सोडून बाकी सगळं दिसायचं. "खरी सही पळते. आपलं नाव लिहिताना कोण विचार करतं? खोटी करणारा चित्र काढत असतो. म्हणून रेघ थरथरते, मधेच थांबते… आणि थांबली की तिथे शाईचा ठिपका पडतो."

"आणि प्रेमात पडलेल्याची सही?"

"ती… कागदाबाहेर जात असावी," तो भिंगातून डोळा न काढता म्हणाला.

एकदा मी एका चिंधीवर त्याची सही गिरवली आणि त्याच्यापुढे टाकली. "पकड!"

"खोटी," भिंग न लावताच तो म्हणाला. "पण ठेवून घेतो." त्यानं चिंधीची घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली. त्या दिवशी मी एका बाहीला चक्क उलटे टाके घातले.

माझे बाबा याच क्लबात जन्मभर खेळाडूंचे बूट पुसत आले होते. सगळे त्यांना बूटकाका म्हणत. आता त्यांची फुप्फुसं थकली होती. त्यांच्याजवळ ठेवा असा एकच, कुलूपचा हातमोजा. कुलूप म्हणजे आमचा जुना गोलकीपर. त्याच्या जाळ्यात चेंडू शिरत नसे, म्हणून हे नाव. जाण्याआधीच्या आजारपणात त्यानं सही करून तो मोजा बाबांना दिला होता. तो मधल्या कपाटात लागावा आणि खाली 'बूटकाकांना भेट' एवढं लिहिलेलं असावं, ही बाबांची शेवटची इच्छा होती. "मग मी डोळे मिटायला मोकळा," ते म्हणायचे.

"जपून बघ हं," मी मोजा भिंगवाल्यापुढे ठेवत म्हणाले. "सासऱ्यांचा आहे."

मी जीभ चावली. तो कानापर्यंत लाल झाला, हसला, भिंगावर वाकला… आणि त्याच्या कानांवरची लाली माझ्या डोळ्यांदेखत उतरत गेली.

"काय झालं?"

"ही कुलूपची सही नाही."

"चेष्टा पुरे."

"रेघ थरथरतेय. चार ठिकाणी थांबलीय. वळणंसुद्धा त्याची नाहीत. अगं, कोणीतरी काकांना फसवलं असेल…"

"खुद्द कुलूपनं त्यांच्या हातात दिलाय तो! माझे बाबा खोटं बोलत नाहीत."

"मी तसं कुठे म्हणतोय? पण खोटं कसं लिहून देऊ?"

"खोटं लिहू नकोस. माझ्यावर विश्वास ठेव."

त्यानं भिंग पुन्हा सहीवर धरलं. त्याच संध्याकाळी तो घरी आला, बाबांच्या खाटेशी बसला आणि त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं, "काका, सही करताना त्याचा हात का थरथरला?"

बाबांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. मी गयावया केली, चिडले, रडले. शेवटी ते एवढंच म्हणाले, "राहू दे. नका लावू कपाटात." मोजा त्यांनी उशीखाली सरकवला.

बातमीला पाय फुटतातच. 'बूटकाकांनी सही गिरवली', असं लोक बोलू लागले. बाबांना भेटायला येणारे जुने खेळाडू यायचे थांबले. मी पायऱ्यांखालच्या खोलीत पुन्हा गेले नाही. पावसाळा सरायच्या आत बाबा गेले. डोळे मिटले, पण मोकळे होऊन नाही.

कुलूपची बायको भेटायला आली. माझा हात हातात घेऊन काकू हुंदके देत राहिल्या. "त्यांची उजवी बाजू गेली होती गं. सही डाव्या हातानं केली. कुलूपचा हात गेला हे कोणाला कळू द्यायचं नाही, अशी तुझ्या बाबांना शपथ घातली होती त्यांनी. हे असं होईल हे मला ठाऊक नव्हतं…" त्या माझ्याकडून उठून थेट भिंगवाल्याकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात उभा होता. पहिल्या दिवसासारखाच भिजलेला. या वेळी छत्रीच नव्हती.

"सही खरी आहे," तो म्हणाला. "तो मोजा दे. मधल्या कपाटात लावतो, काकांच्या नावासकट."

"आणि खाली लिहिशील, की डाव्या हातानं केलेली आहे?"

"त्याशिवाय कोण मानेल?"

"जे बाबांनी मरेपर्यंत तोंडातून काढलं नाही, ते मी पाटीवर लिहू?"

"मग लोक त्यांना कायम खोटं समजतील गं!"

"समजतील."

तो चौकटीला टेकला. खिशातली चिंधी काढली, पुन्हा आत ठेवली. "आणि… मी?"

माझं प्रेम होतं त्याच्यावर. आत्ताही होतं, हेच तर दुखत होतं. "तू चुकलास म्हणून नाही रे," मी म्हणाले. "तू पुरावा घेऊन आलास. मला तू पुराव्याच्या आधी हवा होतास."

तो पायऱ्या उतरून गेला. मी हाक मारली नाही. एकदा तोंडापर्यंत आली होती.

मग मी मोजा मांडीवर घेतला. अंगठ्याची शिवण उसवली होती. सुईत दोरा ओवला आणि शिवायला बसले. टाके वाकडे पडत होते, मधेच थांबत होते. भिंगाखाली धरले असते, तर तो म्हणाला असता, हे सुईबाईचे नव्हेत.